एका चिठ्ठीवर दोन नावं

४ फेब्रुवारी १७८९ रोजी अमेरिकेतल्या दहा राज्यांत मिळून ६९ माणसं आपापल्या राज्यात मतदानाला जमली. प्रत्येकानं दोन नावं लिहून दिली. त्यातलं कुठलं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि कुठलं उपाध्यक्षपदासाठी, हे सांगायची सोय नव्हती. दोन्ही मतांचं वजन सारखंच. सगळी मतं मोजल्यावर ज्याला सर्वांत जास्त आणि या मतदारांच्या, म्हणजे निर्वाचकांच्या, निम्म्याहून अधिक मतं पडली असतील तो अध्यक्ष, आणि त्याच्या खालोखाल मतं मिळवणारा उपाध्यक्ष. राज्यघटनेतला नियम एवढाच होता, आणि तो पुढची पंधरा वर्षं टिकला. त्या पंधरा वर्षांत अमेरिकेत राजकीय पक्ष जन्माला आले आणि त्यांनी हा नियम मोडकळीला आणला. ते कसं घडलं हे पाहायचं तर नियमाचे सांधे एकेक करून तपासावे लागतात.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्यांना अध्यक्ष निवडायचा कसा, हा प्रश्न जवळजवळ शेवटपर्यंत सुटत नव्हता. काँग्रेसनं, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या संसदेनं, निवडला तर तो काँग्रेसच्याच ओंजळीनं पाणी पिणार. थेट लोकांनी निवडायचा तर जॉर्जियातल्या शेतकऱ्याला न्यू हॅम्पशायरचा माणूस कुठून ठाऊक असणार? शिवाय दक्षिणेकडच्या राज्यांत लोकसंख्येचा मोठा हिस्सा गुलामांचा होता आणि गुलामांना मत नव्हतं, त्यामुळे थेट मतदानात ती राज्यं मागे पडली असती. मग निर्वाचकांचा मधला मार्ग निघाला. राज्याचे सिनेटमध्ये दोन सदस्य आणि प्रतिनिधिगृहात जितके सदस्य, त्यांच्या बेरजेइतके त्या राज्याचे निर्वाचक. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरलेला होता. म्हणजे ज्यांना माणूस म्हणून कसलाच हक्क नव्हता, त्यांच्या संख्येच्या जोरावर त्यांच्या मालकांच्या राज्याला अध्यक्ष निवडताना जादा मतं मिळायची. ही गोष्ट तळटीपेत ढकलण्यासारखी नाही. १८०० सालचा निकाल तिच्यावरच फिरला, ते पुढे येईलच.

आपल्याकडे राष्ट्रपती निवडताना खासदार आणि आमदारच मत देतात, त्यामुळे निर्वाचक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकप्रतिनिधी येतात. अमेरिकेत नेमकं उलट आहे. सिनेटचा किंवा प्रतिनिधिगृहाचा सदस्य निर्वाचक होऊच शकत नाही. निर्वाचक फक्त या एका कामापुरते नेमले जातात, आपापल्या राज्यात जमतात, मत देतात आणि घरी जातात. सगळ्या देशाचे निर्वाचक कधीच एका जागी येत नाहीत. संगनमत होऊ नये म्हणून हे मुद्दाम केलेलं होतं. त्यांना नेमायचं कसं, हे घटनेनं प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. कुठे लोक मतदान करून निर्वाचक निवडत, कुठे विधिमंडळच परस्पर नावं ठरवून मोकळं होई.

आता दोन नावांचं कारण. तेव्हा लोकांची निष्ठा आधी राज्याशी, मग देशाशी. प्रत्येक निर्वाचक आपल्याच राज्याच्या माणसाचं नाव लिहिणार, मतं तेरा वाटांनी फुटणार आणि कुणालाच बहुमत मिळणार नाही, ही भीती रास्त होती. म्हणून नियम केला की दोन नावं लिहा आणि त्यातलं निदान एक तरी परराज्यातलं असू द्या. एक मत घरच्याला गेलं तरी दुसरं देशभर नावाजलेल्या माणसाला जाईल, असा अंदाज. एवढं करूनही कुणाला बहुमत मिळालं नाही, किंवा बहुमत असलेल्या दोघांची मतं समसमान झाली, तर निवड प्रतिनिधिगृहानं करायची. तिथेही सदस्यांनी डोई मोजून मत द्यायचं नाही, राज्यागणिक एकच मत. लहान राज्यांची समजूत काढण्यासाठी हे कलम घातलं होतं.

या सगळ्या रचनेत एक गृहीतक मुरलेलं आहे. निर्वाचक शहाणी, स्वतंत्र माणसं असतील आणि एकमेकांशी न ठरवता मत देतील. पक्ष ही गोष्ट त्या काळी रोगासारखी मानली जाई. घटनाकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसननं १७८७ मध्येच गटबाजीचे धोके सांगणारा प्रसिद्ध लेख लिहिला होता.

तरीही पहिल्याच निवडणुकीत नियमातली चीर दिसली होती. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष होणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि दुसरं नाव म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या जॉन ॲडम्सची चर्चा होती. अलेक्झांडर हॅमिल्टनच्या लक्षात आलं की सगळ्यांनीच वॉशिंग्टन आणि ॲडम्स अशी नावं लिहिली तर दोघांची मतं सारखी होतील. त्यानं पत्रं लिहून काही निर्वाचकांना ॲडम्सचं नाव गाळायला सांगितलं. निकाल लागला तेव्हा वॉशिंग्टनला ६९ पैकी ६९ आणि ॲडम्सला ३४ मतं. ॲडम्सला हा अपमान जिव्हारी लागला. न्यूयॉर्कनं तर या निवडणुकीत एकही निर्वाचक पाठवला नाही, कारण तिथल्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांत नेमणुकीच्या पद्धतीवरून एकमत झालं नाही. आणि वॉशिंग्टनचा शपथविधी ३० एप्रिलला झाला तो न्यूयॉर्क शहरातच.

पक्ष फुटले ते वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात. हॅमिल्टन अर्थमंत्री, थॉमस जेफरसन परराष्ट्रमंत्री. स्वातंत्र्ययुद्धात राज्यांनी काढलेली कर्जं केंद्र सरकारनं आपल्या अंगावर घ्यावीत, जुने रोखे पूर्ण किमतीला मानावेत आणि एक राष्ट्रीय बँक काढावी, असा हॅमिल्टनचा आराखडा होता. युद्धात लढलेल्या कितीतरी सैनिकांनी आपले रोखे गरजेपोटी मातीमोलानं विकून टाकले होते. आता पूर्ण किंमत मिळणार ती ते विकत घेतलेल्या सट्टेबाजांना. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपलं बरंचसं कर्ज फेडलंही होतं, त्यांनी दुसऱ्यांचा भार का उचलावा? १७९० मध्ये तडजोड झाली आणि राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायच्या बदल्यात कर्जाचा प्रस्ताव पार पडला. पण १७९१ मध्ये बँकेचं विधेयक आलं तेव्हा जेफरसन आणि मॅडिसननं उघड विरोध केला. घटनेत बँक काढायचा अधिकार लिहिलेलाच नाही, हे त्यांचं म्हणणं. वॉशिंग्टननं सही हॅमिल्टनच्या बाजूनं केली.

त्यानंतर जेफरसननं जे केलं त्यातून पक्ष कसा उभा राहतो ते दिसतं. फिलाडेल्फियात जॉन फेनोचं एक वृत्तपत्र हॅमिल्टनची बाजू लावून धरत असे. त्याला उत्तर देणारं पत्र हवं होतं. जेफरसननं कवी फिलिप फ्रेनो याला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलर पगारावर भाषांतराचा कारकून म्हणून नेमलं. काम थोडं, वेळ भरपूर. १७९१ च्या ऑक्टोबरात फ्रेनोचं ‘नॅशनल गॅझेट’ सुरू झालं आणि ज्या सरकारचा पगार खायचा त्याच सरकारच्या अर्थमंत्र्यावर तुटून पडलं. हॅमिल्टननंही टोपणनावानं फेनोच्या पत्रात झोड उठवली. सभासद नाहीत, कार्यालय नाही, वर्गणी नाही, पण बाजू ठरलेली आणि ती गावोगाव पोचवणारा छापखाना, असे हे पहिले पक्ष होते. हॅमिल्टनची माणसं फेडरॅलिस्ट, जेफरसनची रिपब्लिकन. हा रिपब्लिकन म्हणजे आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे. तो १८५४ मध्ये निघाला. जेफरसनच्या पक्षाशी वारशाचं नातं सांगतो तो आजचा डेमोक्रॅटिक पक्ष.

फ्रान्समधल्या क्रांतीनं हा वाद घरोघरी नेला. १७९३ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं. फेडरॅलिस्टांना इंग्लंडचा व्यापार महत्त्वाचा वाटत होता, रिपब्लिकनांना फ्रान्सचं प्रजासत्ताक आपलं वाटत होतं. जॉन जे यानं इंग्लंडशी केलेला करार १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे पुतळे जाळले गेले. बंदरांतले व्यापारी आणि न्यू इंग्लंड एकीकडे, दक्षिणेतले मळेवाले, छोटे शेतकरी आणि शहरांतले बरेच कारागीर दुसरीकडे, अशी फाळणी झाली. १७९६ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टननं निरोपाचा संदेश छापून पक्षभावनेपासून सावध राहायला सांगितलं, पण तो छापून येण्याआधीच दोन्ही पक्ष कामाला लागले होते.

१७९६ ची निवडणूक ही पहिली खरी लढत. फेडरॅलिस्टांचे ॲडम्स आणि दक्षिण कॅरोलायनाचा थॉमस पिंकनी, रिपब्लिकनांचे जेफरसन आणि न्यूयॉर्कचा ॲरन बर. मेहनत कशी घेतली जाई याचा नमुना पेनसिल्वेनियात सापडतो. तिथे १५ निर्वाचक लोकांनी निवडायचे होते आणि मतपत्रिका हातानं लिहिलेली असणं बंधनकारक होतं. सामान्य मतदारानं १५ नावं न चुकता लिहायची कशी? प्रतिनिधिगृहाचा चिटणीस जॉन बेकली हा रिपब्लिकनांचा खंदा कार्यकर्ता. त्यानं घराघरांतून हाताशी माणसं धरून हजारो चिठ्ठ्या लिहवून घेतल्या आणि राज्यभर वाटल्या. मतदारानं फक्त ती चिठ्ठी नेऊन द्यायची. फळही मिळालं. पेनसिल्वेनियाच्या १५ पैकी १४ निर्वाचकांनी जेफरसनचं नाव लिहिलं. त्यातला एक, सॅम्युअल माइल्स, तर फेडरॅलिस्ट म्हणून निवडून आला होता. निर्वाचकानं स्वतःच्या बुद्धीनं मत दिलं म्हणून लोक संतापले, हे लक्षात घ्या. घटनाकारांना निर्वाचकाकडून नेमकं तेच अपेक्षित होतं. नऊ वर्षांतच निर्वाचक हा पक्षाचा निरोप्या बनला होता.

निकाल मात्र विचित्र लागला. ॲडम्स ७१, जेफरसन ६८, पिंकनी ५९, बर ३०. पिंकनीला दक्षिणेतून जादा मतं पडून तो ॲडम्सच्या वर जाईल, या भीतीनं न्यू इंग्लंडच्या १८ निर्वाचकांनी पिंकनीचं नाव गाळलं होतं. ती मतं इतकी गळाली की पिंकनी जेफरसनच्याही खाली गेला. अध्यक्ष एका पक्षाचा, उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा. दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियाच्या २० रिपब्लिकन निर्वाचकांच्या गोतावळ्यातून बरला मिळालं अवघं एक. हे तो विसरला नाही. आणखी एक आकडा जेफरसनच्या माणसांनी मनात कोरून ठेवला. व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना या त्यांच्या बालेकिल्ल्यांतून ॲडम्सला एकेक मत गेलं होतं, कारण तिथे जिल्हावार निर्वाचक निवडले जात. ती दोन मतं फिरली असती तर जेफरसन ७०, ॲडम्स ६९.

म्हणून १८०० च्या आधी व्हर्जिनियानं कायदा बदलला. जिल्हावार निवड बंद, आता सबंध राज्यात ज्या बाजूला जास्त मतं तिचेच सगळे निर्वाचक. मॅसॅच्युसेट्सनं उत्तरादाखल लोकांच्या हातातून निवड काढून विधिमंडळाकडे दिली, म्हणजे सगळी मतं ॲडम्सला. १८०० मध्ये १६ राज्यांपैकी फक्त पाचांत लोकांनी निर्वाचक निवडले. आज अमेरिकेत जवळपास सर्वत्र जी ‘जिंकेल त्याला सगळं’ पद्धत आहे, ती कुठल्या तत्त्वचिंतनातून आलेली नाही. ती दोन मतांच्या हिशेबातून आली. माझ्या मते या काळाचा सर्वांत टिकाऊ वारसा हाच, आणि तो सर्वांत कमी सांगितला जातो.

मधल्या काळात कटुता वाढली होती. १७९८ मध्ये फेडरॅलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांची बदनामी करणारं लिहिलं तर तुरुंग. उपाध्यक्षाला मात्र या कायद्याचं संरक्षण नव्हतं, कारण उपाध्यक्ष होता जेफरसन. व्हरमाँटचा रिपब्लिकन प्रतिनिधी मॅथ्यू लायन या कायद्याखाली चार महिने कोठडीत गेला आणि कोठडीतूनच पुन्हा निवडून आला. हे नाव लक्षात ठेवा.

१८०० ची लढाई न्यूयॉर्कात ठरली. तिथले १२ निर्वाचक विधिमंडळ नेमणार होतं आणि विधिमंडळाचं पारडं न्यूयॉर्क शहराच्या १३ जागांवर फिरणार होतं. बरनं शहरासाठी माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन आणि युद्धातला सेनापती होरेशिओ गेट्स यांच्यासारखी वजनदार नावं उभी केली, मतदारांच्या याद्या केल्या, कोण कुठल्या बाजूचा हे टिपलं, घरोघर माणसं पाठवली. मेच्या सुरुवातीला १३ च्या १३ जागा रिपब्लिकनांच्या पदरात पडल्या. हॅमिल्टननं गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहून विनवलं की जुनं विधिमंडळ अजून अस्तित्वात आहे तोवर ते बोलवा आणि नियम बदलून घ्या. जे स्वतः कट्टर फेडरॅलिस्ट. पक्षाच्या फायद्यासाठी असं करणं आपल्याला शोभणार नाही, अशा अर्थाचा शेरा त्यानं त्या पत्रावर मारला आणि पत्र ठेवून दिलं. या सगळ्या धामधुमीत इतका स्वच्छ निर्णय दुसरा आढळत नाही.

आता नियमाची खरी कोंडी. समजा तुमच्या पक्षाचे ७३ निर्वाचक आहेत आणि ते अगदी शिस्तीनं पक्षाची दोन्ही नावं लिहितात. मग दोघांना ७३-७३ पडणार, दुसरं काही होऊच शकत नाही. शिस्त जितकी चोख, तितकी बरोबरी अटळ. ती टाळायला कुणीतरी दुसरं नाव गाळलं पाहिजे. पण जास्त लोकांनी गाळलं तर १७९६ सारखा विरोधक मधे घुसतो. म्हणजे नेमकं एखादंच मत गाळायचं. आणि हे ठरवायचं १६ राज्यांत एकाच दिवशी मत देणाऱ्या माणसांनी, पत्र पोचायला आठवडे लागत असताना. फेडरॅलिस्टांनी ते साधलं. ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकानं दुसरं मत जॉन जे याला दिलं, म्हणून ॲडम्स ६५ आणि त्यांचा जोडीदार चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी ६४. रिपब्लिकनांत मात्र प्रत्येकाला वाटलं दुसरं राज्य गाळेल, आणि बरला पुन्हा दगा दिला असं कुणी म्हणू नये याचीही काळजी होतीच. ३ डिसेंबर १८०० ला मतं पडली आणि जेफरसन ७३, बर ७३.

इथे गुलामांच्या हिशेबाकडे परत यायला हवं. जेफरसन ॲडम्सच्या पुढे आठ मतांनी होता. पाचास तीन या सूत्रानं दक्षिणेला मिळालेली जादा मतं त्याहून जास्त होती, डझनभराच्या घरात. लोकांची क्रांती म्हणून गौरवली गेलेली ही निवडणूक त्या मतांवाचून जिंकली गेली नसती, असंच आकडे सांगतात.

११ फेब्रुवारी १८०१ ला वॉशिंग्टन शहरात, एकच बाजू बांधून झालेल्या कॅपिटॉलमध्ये, मतं उघडली गेली. अध्यक्षस्थानी सिनेटचा सभापती या नात्यानं उपाध्यक्ष जेफरसन. जॉर्जियाचा कागद नियमात सांगितलेल्या नमुन्याप्रमाणे नव्हता, तरी जेफरसननं त्यातली चार मतं आपल्या आणि बरच्या खात्यात धरली. कुणी हरकत घेतली नाही. मग प्रतिनिधिगृह लगेच मतदानाला बसलं. जिंकायला १६ पैकी ९ राज्यं लागत होती. आणि हे सभागृह जुनं होतं, सदस्यसंख्येत फेडरॅलिस्टांचं बहुमत असलेलं. त्यांतल्या बहुतेकांनी जेफरसनला अडवायला बरला मत द्यायचं ठरवलं.

प्रत्येक राज्याचे सदस्य आधी आपापसांत मतदान करत. बहुमत ज्याला, त्याचं नाव राज्याच्या चिठ्ठीवर. समसमान झालं तर ‘विभागलेलं’ असा शब्द. पहिली फेरी: जेफरसन ८ राज्यं, बर ६, दोन विभागलेली. विभागलेल्यांपैकी व्हरमाँटचे दोनच सदस्य, एक फेडरॅलिस्ट लुईस मॉरिस आणि दुसरा कोठडीतून निवडून आलेला मॅथ्यू लायन. मेरिलँड ४ विरुद्ध ४. जेफरसनच्या बाजूच्या चारांतला जोसेफ निकल्सन तापानं फणफणला होता. त्याला बर्फातून कॅपिटॉलमध्ये आणलं, शेजारच्या खोलीत खाट टाकली आणि दर फेरीला मतपेटी त्याच्या उशाशी नेली. तो आला नसता तर मेरिलँड बरकडे गेलं असतं. रात्र उलटली, सकाळपर्यंत सत्तावीस फेऱ्या झाल्या, राज्यांचा आकडा हलला नाही. पस्तीस फेऱ्यांपर्यंत तोच निकाल. बाहेर पेनसिल्वेनिया आणि व्हर्जिनियाचे रिपब्लिकन गव्हर्नर मिलिशिया सज्ज ठेवण्याची भाषा करत होते. हॅमिल्टन आपल्या पक्षाला पत्रांमागून पत्रं लिहून सांगत होता की जेफरसन परवडला, पण बर नको. बर मात्र माघार घेतो असं निःसंदिग्धपणे म्हणत नव्हता.

कोंडी फोडली ती डेलावेअरच्या एकुलत्या एका प्रतिनिधीनं. जेम्स बेअर्ड फेडरॅलिस्ट होता, पण राज्याचं मत सर्वस्वी त्याच्या हातात. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचा मॉरिस गैरहजर राहिला, त्यामुळे लायनचं मत हेच राज्याचं मत झालं. मेरिलँडच्या फेडरॅलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. बेअर्डनं आणि दक्षिण कॅरोलायनानंही कोऱ्याच. जेफरसन १०, बर ४. बेअर्डच्या गोटातल्यांनी जेफरसनचं नाव लिहिलं नाही, फक्त बरचं लिहायचं थांबवलं. ४ मार्चला जेफरसननं शपथ घेतली. ॲडम्स त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं शहर सोडून गेला होता. समारंभाला थांबला नाही, पण सत्ताही धरून बसला नाही.

दुरुस्ती सोपी होती: अध्यक्षासाठी वेगळी चिठ्ठी, उपाध्यक्षासाठी वेगळी. फेडरॅलिस्टांनी विरोध केला, कारण अल्पमतातल्या पक्षाला उपाध्यक्षपद मिळवायची जी फट होती ती बुजणार होती. तरीही १५ जून १८०४ रोजी बारावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. महिन्याच्या आत, ११ जुलैला, उपाध्यक्ष बरनं द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनवर गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन मरण पावला. डिसेंबरात नव्या नियमानं मतदान झालं. जेफरसनला १६२, फेडरॅलिस्टांच्या चार्ल्स पिंकनीला १४.

पण दुरुस्ती अर्धीच होती. बहुमत न मिळाल्यास निवड प्रतिनिधिगृहाकडे, आणि तिथे राज्याला एक मत, हे कलम तसंच राहिलं. १८२४ च्या निवडणुकीत ते पुन्हा वापरावं लागलं. अँड्र्यू जॅक्सनला सर्वांत जास्त ९९ निर्वाचक मतं असूनही प्रतिनिधिगृहानं पहिल्याच फेरीत १३ राज्यांच्या मतांनी निवडलं ते ८४ मतं मिळवलेल्या जॉन क्विन्सी ॲडम्सला, म्हणजे जॉन ॲडम्सच्या मुलाला. ते कलम आजही घटनेत आहे. निवडणूक पुन्हा कधी प्रतिनिधिगृहात गेली, तर ५२ प्रतिनिधींच्या कॅलिफोर्नियाला एक मत असेल आणि एका प्रतिनिधीच्या वायोमिंगलाही एकच.